धागा तोडता आला पाहिजे

एका गृहस्थांनी पत्रातून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३६, बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरी. दिवसभर एकच सुटा भाग गेज, म्हणजे माप तपासायचं साधन, लावून बघायचा, शेकड्यांनी. घरी आलं की हातात मोबाईल, आणि झोप लागेपर्यंत डोकं चालूच. दहा दिवसांच्या ध्यान शिबिराला गेले, चौथ्या दिवशी परत आले. बायको म्हणते, हातानं करायचा एखादा साधा छंद धरा. मी टकळीवर सूत कातते आणि शिकवते हे त्यांना कुणीतरी सांगितलं. त्यांचं शेवटचं वाक्य तसंच देते: "एकच काम परत परत करून मन मोकळं होत असेल, तर ते माझं कारखान्यात का होत नाही?"

हे शेवटचं वाक्यच महत्त्वाचं, म्हणून तिथूनच सुरू करते.

परत परत करण्यात जादू असती तर निपाणीला तंबाखूच्या वखारींत आणि विड्या वळणाऱ्या बायकांच्या उंबऱ्यांवर एव्हाना समाध्या लागल्या असत्या. तिथं पाठ धरते आणि डोक्यात हजाराचा हिशेब असतो, बाकी काही नाही. तुमच्या गेजचंही तेच. वेग दुसऱ्यानं ठरवलेला, मोजणी दुसऱ्याची. आणि मन भरकटलं हे तुम्हाला कळतं कधी? संध्याकाळी, किंवा गिऱ्हाइकाकडून माल परत आला की. तोवर ते मनसोक्त हिंडून आलेलं असतं. काम जागच्या जागी काही बोललं नाही तर माणूस त्याच्या शेजारी नुसता उभा असतो.

म्हणून छंद निवडताना मी एक कसोटी लावते. मन बाजूला गेलं की कामानं तक्रार केली पाहिजे, पण हळू आवाजात. स्वयंपाक ओरडतो: दूध उतू जातं, फोडणी करपते, घरभर कळतं. टीव्हीसमोरचं विणकाम तक्रारच करत नाही, निदान माझं करत नव्हतं. मालिका संपायची, स्वेटरची पाठही व्हायची, आणि तासभर मी कुठं होते ते मलाच माहीत नसायचं. वाकळ शिवणं कसोटीला उतरतं. धावदोऱ्याचे टाके लांब-आखूड पडले की आपली चहाडी कापडावर कायमची राहते. तांदूळ निवडणंही बऱ्यापैकी चालतं, पण हल्ली निवडण्यासारखे खडे असलेला तांदूळ मिळायचा कुठं! टकळीवरचं सूत मला सगळ्यांत बरं वाटलं, कारण ते तुटतं. आवाज न करता तुटतं, आणि लगेच जोडता येतं.

टकळी माझ्या हातात पहिल्यांदा आली ती तिसरीत, उद्योगाच्या तासाला. त्या दिवसांबद्दल मला काडीचंही प्रेम नाही. गुरुजी सूत दोन बोटांत धरून ताणायचे, तुटलं की फूटपट्टी. आम्ही टकळीचा भोवरा करून खेळायचो आणि कापसाच्या पेळूची दाढी लावायचो. शाळा सुटली तशी टकळीही सुटली. पुढं मी स्वतः शिक्षिका झाले आणि वाचनाचं असं व्यसन लागलं की जेवताना समोर काही नसेल तर लोणच्याच्या बरणीवरचा कागद वाचायचे.

२००४ साली माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, दोन आठवडे मान खाली घालून बसायचं. वाचन बंद, टीव्ही बंद. तुमच्या हातातला मोबाईल कुणी दोन आठवडे काढून घेतला तर काय होईल, ते माझं झालं. तिसऱ्या दिवशी मी रडकुंडीला आले. सासूबाई शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "काय करूलीस गे दिवसभर? घे हे." पत्र्याच्या ट्रंकेतून त्यांनी टकळी, पितळेची वाटी आणि कागदात गुंडाळलेले चार पेळू काढले होते.

सासूबाई हुदलीच्या. हुदली म्हणजे स्वातंत्र्यलढ्यातले पुढारी गंगाधरराव देशपांडे यांचं गाव, आणि खादीचंही. १९३७ च्या एप्रिलमध्ये गांधी सेवा संघाच्या संमेलनासाठी गांधीजी तिथं राहिले होते. सासूबाई तेव्हा सात वर्षांच्या. त्यांना गांधीजी आठवत नव्हते. गर्दीत हरवलेली केसांची रिबीन आठवत होती, आणि ती कुणी घेतली असावी याबद्दल त्यांचा संशय ६७ वर्षांनीही कायम होता.

मान खाली, एक डोळा झाकलेला, दुसऱ्यावर ताण द्यायचा नाही. त्यामुळे मी सूत कातायला शिकले ते डोळ्यांनी नाही, बोटांनी. हे भाग्य समजते. आज शनिवारी माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिली गोष्ट हीच सांगते, की डोळे अर्धे मिटा. डोळा धागा झाल्यावर बघतो. बोटाला तो होताना कळतो.

आता प्रत्यक्ष कृती, कारण तिच्यातच सगळं आहे. टकळी म्हणजे वीतभर लांबीची काडी, खालच्या बाजूला पितळेची चकती, वरच्या टोकाला बारीक आकडा. खालचं टोक वाटीत टेकवायचं. उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि बोटांनी काडीला पीळ द्यायचा; घसरत असेल तर बोटांना चिमूटभर राख किंवा खडूची पूड. डाव्या हातात पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची सैल वळलेली कांडी. टकळी फिरते, पीळ धाग्यातून वर चढतो, आणि डावा हात हळूहळू लांब जातो. कापसाचे तंतू जेमतेम इंचभराचे. ते एकमेकांवरून घसरत असतानाच पीळ त्यांना गाठतो आणि बांधून टाकतो. वीस नंबरच्या, म्हणजे मध्यम जाडीच्या, सुताला इंचाला साधारण अठरा पीळ बसतात. हात पुरेसा लांब गेला की थांबायचं, थोडा जास्तीचा पीळ द्यायचा आणि सूत काडीवर गुंडाळायचं. ती गुंडाळी म्हणजे कुकडी. परत पहिल्यापासून.

सगळी गंमत डाव्या हातात आहे. पेळू घट्ट धरला तर एकही तंतू सुटत नाही, टकळी नुसती फिरते. सोडून दिला तर गोळाच्या गोळा निघून येतो. चिमणीचं पिल्लू धरावं तसा पेळू धरा, असं सासूबाई सांगायच्या. मला त्याचा उपयोग झाला नाही, मी कधी पिल्लू धरलेलं नव्हतं. मला समजलं ते असं: सकाळी झोपेतून उठल्यावर मूठ जितकी सैल असते, तितकी. तुम्ही गेज धरणारे. तुमचा अंगठा पहिला महिनाभर फार जोर लावणार, आत्ताच सांगून ठेवते.

आणि सूत तुटणार. पहिल्या दिवशी दर वितीला. तुटलं की लगेच जोडू नका. आधी टोक बघा. तुटण्याचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखू येतात.

एक टोक पिसासारखं असतं, मऊ, पसरलेलं. म्हणजे हात पुढं पळाला आणि पीळ मागं राहिला. तंतू एकमेकांना धरायच्या आतच तुम्ही त्यांना ओढलंत. ही घाई. मन पुढच्या कशात तरी होतं: उद्याची पाळी, पोराची फी, टकळीवरची कुकडी कधी भरेल.

दुसरं टोक वेटोळं घालून बसलेलं असतं, टणक, विंचवाच्या नांगीसारखं. म्हणजे टकळी फिरत राहिली आणि डावा हात थांबला. पीळ साठत गेला, धाग्याला आकड्या पडल्या, आणि जरा ओढताच तो तटकन गेला. ही तंद्री. मन मागच्या कशात तरी अडकलं होतं. माझं बहुतेक वेळा कुणीतरी कधीतरी बोललेल्या एखाद्या वाक्यात अडकतं. त्यातली निम्मी माणसं आता हयातही नाहीत.

टोक बघितलं की मनाचा पत्ता एका शब्दात सांगायचा. मोठ्यानं सांगितलं तरी चालेल. "फी." "थोरली वन्सं." "भात लावलाय का?" बस. का गेलं, पुन्हा जाता कामा नये, असलं काही नाही. दोन्ही टोकं उलगडून बोटभर एकमेकांवर ठेवायची, पीळ द्यायचा, पुढं चालू. माझ्याकडं येणारे काहीजण या पत्त्यांची वही ठेवतात. मी ठेवू देत नाही. वही आली की त्यात सुधारणा दाखवायची हौस येते.

तुम्हाला शिबिरात चौथ्या दिवशी काय झालं असावं याचा मला अंदाज आहे, चुकत असेन तर सोडून द्या. श्वासावर लक्ष ठेवा म्हणतात. श्वास हे फार सज्जन काम आहे. तुम्ही पाऊण तास बाहेर हिंडून आलात तरी तो आपला चालूच. तक्रार नाही की टोक नाही. कसलेल्या माणसाला ते जमतं. तुमच्या-माझ्यासारख्याला पाऊण तासानं एकदम कळतं की आपण इथं नव्हतो, आणि मग स्वतःचाच राग येतो. टकळी तो हिशेब दर मिनिटाला मिटवते, उधारी चढू देत नाही.

आपलंच मन असं आहे असं मात्र समजू नका. २०१० साली अमेरिकेत हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २,२५० माणसांना दिवसातून अवचित वेळी फोनवरून विचारलं, आत्ता काय करताय, मन कुठं आहे, कसं वाटतंय? ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. आणि मन भटकत असताना लोकांना कमी बरं वाटत होतं, काम आवडीचं असलं तरी. म्हणजे निम्मं गाव कायम गावाबाहेर. त्याच विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ एलन लँगर यांची सजगतेची व्याख्या मला जास्त पटते: नवं काही लक्षात येत राहणं. त्यांना त्यासाठी डोळे मिटून बसावं लागत नाही. वीस वर्षं एकच धागा काढते आहे, पण मार्चमधला धागा आणि श्रावणातला धागा एक नसतो. मार्चमध्ये हवा कोरडी, सूत ठिसूळ होतं, बाजूला ओलं फडकं ठेवावं लागतं. आषाढात आपल्या बेळगावच्या पावसात पेळू ओलसर होऊन तंतू एकमेकांना सोडत नाहीत. हे बोटांना कळायला लागलं की काम एकच राहत नाही.

मोजणीबद्दल. तुम्ही मोजणाऱ्या खात्यातले, म्हणून जरा सविस्तर.

१९२४ च्या डिसेंबरात आपल्या टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. त्याच्या खुणा, काँग्रेस विहीर आणि वीरसौध, तुम्ही येता-जाता बघत असाल. त्या अधिवेशनात एक ठराव पक्का झाला: सभासदाची चार आणे वर्गणी बंद, त्याऐवजी महिन्याला २,००० वार हातसूत. मी एकदा हिशेब मांडून बघितला. २,००० वार म्हणजे ६,००० फूट. खादीच्या जुन्या मापात चार फुटांची एक तार, १६० तारांची लटी, चार लट्यांची गुंडी. म्हणजे महिन्याला दीड हजार तारा. माझ्या टकळीवर अर्ध्या तासात ऐंशी तारा पडतात. म्हणजे रोज अर्धा तास बसलं तर एकोणीस दिवसांचं काम. फार नाही, आजारी माणूसही करील. तरी ती अट वर्षभरही टिकली नाही. ज्याला कातायची इच्छा नाही त्यानं दुसऱ्यानं कातलेलं सूत दिलं तरी चालेल, अशी पळवाट ठरावातच होती. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याच्या बैठकीत चार आण्यांचा पर्याय परत आला. आणि कातायला लावणारे तर प्रत्यक्ष गांधीजी होते! तिथं माझ्या गुरुजींची फूटपट्टी काय करणार?

हे सगळं माहीत असूनही मी तीच चूक केली. २०१६ च्या सुमारास मला गुंड्या मोजायचं वेड लागलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या तारा लिहायच्या, महिन्याची बेरीज करायची, गेल्या महिन्याशी ताडून बघायची. धाकट्या मुलीसाठी घरच्या सुताची साडी विणून घ्यायची होती. त्यासाठी मागच्या खोलीत दार लावून बसायला लागले. सूत फार सुंदर यायला लागलं, अगदी सारखं, आणि तुटेनासंच झालं. मला वाटलं, साधलं बाई आपल्याला.

एका संध्याकाळी सात वर्षांचा नातू दार ढकलून आत आला. शाळेतून येताना पडला होता. मी मान वर न करता म्हटलं, "थांब, एवढी तार होऊ दे." तो थांबला. तार झाली, मी कुकडीवर सूत घेतलं, मग बघितलं. गुडघ्यातून रक्त ओघळून मोज्यात गेलं होतं आणि पोरगा ओठ दाबून उभा होता, कारण आजी काम करत होती.

गोरोबा कुंभारांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. चिखल तुडवताना विठ्ठलाच्या नामात इतके रंगले की पायाखाली आलेलं स्वतःचं रांगतं मूल त्यांना दिसलं नाही. पुढं पांडुरंगानं मूल परत दिलं, म्हणून आपण त्या गोष्टीला भक्तीची गोष्ट म्हणतो. मला त्या संध्याकाळी ती तशी वाटली नाही. चिखल तुडवणं हेही परत परत करायचं साधं काम, अगदी तुम्ही शोधताय तसलं. गोरोबांची तल्लीनता पूर्ण होती. भान नव्हतं. आणि मला वाटतं, ध्यान-छंद-सजगता या बाजारात तल्लीनतेलाच भान म्हणून विकतात. मोबाईलमध्येही तुम्ही तल्लीनच असता की.

तेव्हापासून माझी दुसरी कसोटी. धागा आपला आपण तोडता आला पाहिजे. कुणी हाक मारली, दाराशी कुणी आलं, कुकरची तिसरी शिट्टी झाली की तार अर्धी असली तरी तोडायची, उठायचं. परत आल्यावर टोकाला टोक जोडायचं. शिकणाऱ्यांना मी मधूनच हाक मारते आणि बघते, धागा पटकन सुटतो की चेहऱ्यावर आठी येते. आठी आली की त्या दिवशी सूत कितीही बारीक असो, कातणं झालं नाही. माझ्या चेहऱ्यावर आजही येते, महिन्यातून दोन-तीनदा.

कॅलेंडरवरचं लिहिणं बंद केलं. साडी झाली नाही. त्या सुताचे दोन टॉवेल झाले आणि ते पाणी छान टिपतात. मुलगी म्हणाली, बरं झालं, साडी असती तर कपाटात राहिली असती.

आणि मागच्या खोलीतून उठून मी पुढं सोप्यात बसायला लागले, दार उघडं ठेवून. तुम्ही ज्याला मन मोकळं होणं म्हणता, त्याची माझ्यापुरती सुरुवात तिथून झाली, आणि त्यात माझं कर्तृत्व काही नाही. दार उघडं होतं इतकंच. आमच्या वडगावात यंत्रमागांचा खटखटाट दिवसभर. गल्लीतले एक विणकर जाता-येता थांबायला लागले. घरी कानडी, आमच्याशी मराठी. एकदा त्यांनी माझ्या कुकडीवरची हातभर तार काढली, अंगठ्याच्या नखावरून ओढली, दोन्ही हातांनी झटका दिला आणि म्हणाले, "मावशी, ताण्याला नाही चालायचं हे. बाण्याला चालेल." ताणा म्हणजे मागावरचे उभे, ताणलेले धागे; बाणा म्हणजे आडवे. बारा वर्षं कातत होते आणि माझं सूत कुठं ढिलं पडतं हे मला त्या मिनिटाला कळलं. दार लावून बसले असते तर मी त्याला सुंदरच म्हणत राहिले असते.

मग समोरच्या घरातल्या काकू यायला लागल्या. त्यांचं माहेर बैलहोंगलकडं, काळ्या मातीतलं, कापसाच्या शेतांतलं. एक दिवस पाठीवर गाठोडं घेऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "हत्ति तंदेनि!" माझी चार वर्षांची नात आतून धावत सुटली, थेट रस्त्यावर, डावीकडं-उजवीकडं बघत. कानडीत हत्ति म्हणजे कापूस. तिला हत्ती हवा होता, आणि मिळाली सरकीसकट कापसाची बोंडं. काकूंनी एक बोंड तिच्या तळहातावर ठेवलं आणि दोघी इतक्या हसल्या की एकीला दुसरीची भाषा येत नाही हे दोघींच्याही लक्षात राहिलं नाही. तेव्हापासून आमच्या घरात कापसाला पांढरा हत्ती म्हणतात. आमचे हे तर म्हणतात, पांढरा हत्ती पोसलाय खरा.

भाषेवरून आपल्या गावात काय काय झालंय ते तुम्हाला सांगायला नको. सूत कातून सीमाप्रश्न सुटत नाही, आणि मी मराठी पाटीबद्दल जे म्हणायचे ते अजूनही म्हणते. पण शनिवारी सोप्यात बसल्यावर काकू "नूलु" म्हणतात, मी "सूत" म्हणते, आणि तुटलेलं टोक दोघींनाही सारखंच दिसतं. हात कामात असले की उत्तर द्यायची घाई कमी होते. समोरचा बोलत असताना आपण पुढचं वाक्य जुळवत असतो ना, ते डाव्या हातात लगेच दिसतं. पिसासारखं टोक येतं. निम्मी भांडणं मी त्या टोकामुळं टाळली आहेत. उरलेली निम्मी झाली.

सुरुवात कशी करायची ते सांगते. पहिला आठवडा टकळीला हात लावू नका. नुसता पेळू घ्या आणि दोन्ही हातांनी तंतू घसरवत लांबवा. तुटायच्या अगदी आधी थांबता येईपर्यंत. मग टकळी. खादी भांडारात विचारा, पेळूही मिळाले तर तयार घ्या. पिंजण्याच्या भानगडीत पहिल्याच वर्षी पडू नका. रोज वीस मिनिटं, जास्त नाही, कामावरून आल्यावर हातपाय धुऊन. मोबाईल दुसऱ्या खोलीत. गाणी नकोत, गल्लीचे आवाज असू द्यात. पाठीला भिंत. मनगट किंवा अंगठा दुखला तर त्या दिवशी बंद. कारखान्यातही तोच अंगठा वापरायचा आहे. पहिल्या महिन्याचं सूत दोऱ्यासारखं जाड आणि गाठाळ निघेल. ते टाकू नका, त्यानं लोणच्याच्या बरणीचं फडकं छान बांधता येतं.

एक गोष्ट तुमच्या पत्रात अर्धवट होती, ती विचारते. झोप नुसती उशिरा लागते, की पहाटे तीनला उठून बसता? जेवण जातंय ना? जगण्यातच अर्थ नाही असं मनात येतं का? तसं असेल तर टकळी राहू द्या, आधी डॉक्टर. धारवाडला सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे, आपल्याकडून रोज माणसं जातात आणि बरी होऊन येतात. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतीचा, फोन चोवीस तास चालतो. सूत हे औषध नाही, आणि तसं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून टकळी घेऊ नका.

नाहीतर शनिवारी पाचला या. वहिनींनाही आणा, मात्र शिकवायला बसलं की नवरा-बायकोला मी वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसवते, अनुभवानं. वाटी घरातून आणा, पितळेची असेल तर बरी, तळ गुळगुळीत हवा. पावसाचे दिवस आहेत, तेव्हा पेळू ठेवायला घट्ट झाकणाचा डबा लागेल. आपल्या कुंद्याच्या मिठाईचा प्लास्टिकचा डबा अगदी बरोबर मापाचा असतो. फक्त तो रिकामा करून, धुऊन, पुसून आणा. मागच्या वेळी एकांनी न धुता आणला आणि पेळूंना मुंग्या लागल्या.